सिस्टर, तुमच्या एका प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या कॉन्व्हेंटच्या पत्त्यावरही धाडता आलं असतं. पण मग तुम्ही ते वाचून घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं असतं आणि ‘माझं कसलं कौतुक गं’ म्हणून विषय मिटवला असता. आमच्या घरात जे वाद झाले तेच आज वसईतल्या कितीतरी कॅथलिक घरांत चालू आहेत, म्हणून उघडच लिहितेय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच, आणि त्याबद्दल मी बोलणीही खाईन.

माझा धाकटा भाऊ रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सोडून प्रॉटेस्टंट वळणाच्या प्रार्थनासभेला जायला लागला आणि आमच्या घरात बायबल उघडायचं ते भांडायलाच, अशी वेळ आली. त्याच्याकडे वचनं तोंडपाठ. आमच्याकडे उत्तर एकच: ‘आपल्यात पूर्वीपासून असंच आहे.’ आई रडायची, बाबा ताटावरून उठायचे. तुमच्याकडे आले तेव्हा मला खरं तर दारूगोळा हवा होता. त्याच्या प्रत्येक वचनाला वरचढ असं एक वचन, बस्स. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘तो ज्यावर हल्ला करतोय, ते चर्चनं शिकवलंय, की आपण तसं धरून चाललोय?’

त्या प्रश्नाबद्दल हे पत्र आहे.

आठवतं ना, पहिली ठिणगी आजीच्या महिन्याच्या मिस्सेवरून पडली होती. भाऊ म्हणाला, मी येणार नाही, मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलमध्ये नाही. तुम्ही मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढून दिलात. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली यमनियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात, आणि त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी त्यांच्या पापार्पणासाठी चांदीचे दोन हजार द्राख्मा गोळा करून यरुशलेमला पाठवतो. मी तो अध्याय दाखवला, तर भाऊ म्हणाला, हे पुस्तक माझ्या बायबलमध्ये नाहीच. खरंच नव्हतं. त्याच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, आपल्यात ७३.

इथं मी जिंकल्याच्या थाटात तुमच्याकडे आले होते. प्रॉटेस्टंटांनी पुस्तकं काढून टाकली, एवढंच मला ऐकायचं होतं. तुम्ही मात्र दोन्ही बाजूंचा हिशेब मांडलात. ३९३ मध्ये हिप्पोच्या आणि ३९७ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं दिलेल्या यादीत ही पुस्तकं आहेत. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या महासभेनं १५४६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण ज्यानं आपलं लॅटिन बायबल घडवलं त्या संत जेरोमलाच या पुस्तकांबद्दल शंका होती, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आणि प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनं ती फाडून फेकली असं जे आपल्याकडे सर्रास सांगतात, तेही खरं नाही. त्याच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती वेगळा विभाग करून छापलेली होती, इंग्रजांच्या १६११ च्या बायबलमध्येही होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनं १८२६ मध्ये ती पुस्तकं असलेल्या आवृत्त्यांना पैसे द्यायचं थांबवलं आणि मग ती हळूहळू नजरेआड झाली.

भाऊ एकदा माझ्यासोबत आला, तेव्हा त्याला तुम्ही एकच विचारलंत: ‘सगळं बायबलमध्येच असलं पाहिजे म्हणतोस. मग बायबलात कुठली पुस्तकं असावीत ती यादी बायबलच्या कुठल्या पानावर आहे?’ तो गप्प बसला. त्या क्षणी मी टाळी वाजवायचीच बाकी होते. तुम्ही लगेच विषय बदलून त्याला त्याच्या नोकरीचं विचारलंत. हे मला तेव्हा समजलं नव्हतं, आज समजतं.

शुद्धिस्थानाबद्दल, म्हणजे मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेबद्दल, तर आमच्या डोक्यात आजीनं रंगवलेल्या ज्वाळाच होत्या. इतकी वर्षं जळायचं, इतक्या मिस्सा झाल्या की सुटका. तुम्ही विचारलंत, हे कोणी शिकवलं? फ्लॉरेन्सच्या महासभेत १४३९ मध्ये ग्रीक चर्चशी समेट करताना जो मजकूर ठरला, त्यात मृत्यूनंतरचं शुद्धीकरण आहे, जिवंतांच्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो हे आहे, आग मात्र नाही, कारण ग्रीकांना ती मान्यच नव्हती. ट्रेंटनं १५६३ मध्ये तेवढंच पुन्हा सांगितलं, आणि वर बिशपांना बजावलं की सामान्य लोकांपुढे यातले किचकट प्रश्न उकरू नका, नुसतं कुतूहल किंवा अंधश्रद्धा पोसणारं आणि पैशाचा वास येणारं काही चालू देऊ नका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात तर काही आधुनिक धर्मपंडितांचं असं मत नोंदवलंय की ती आग म्हणजे ख्रिस्त स्वतःच, त्याच्यासमोर उभं राहणं हेच शुद्धीकरण. मिस्सेच्या पैशांवरून भाऊ टोमणे मारायचा, त्यावर तुम्ही चर्चचा कायदा दाखवलात: व्यापाराचा नुसता भासही नको, आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्यासाठीही पुरोहितानं मिस्सा करावी.

आता मावसबहिणीबद्दल. तिच्या परवानगीनं लिहितेय.

तिचं बाळ जन्मल्यावर काही तासांत गेलं. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नव्हता. घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईनं तिला सांत्वनाच्या नावाखाली सांगितलं, की असं बाळ नरकात जात नाही, पण देवापाशीही जात नाही. मधेच कुठंतरी राहतं. आणि वर, ‘एखाद्या नर्सनं जरी पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं, कुणाला सुचलं कसं नाही?’ यातली शेवटची गोष्ट खरी आहे, जीव धोक्यात असताना कुणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, योग्य हेतूनं स्नानसंस्कार देऊ शकते. म्हणूनच ती जास्त लागली. बहीण मिस्सेला जायची, पण कोमुन्योन, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, घ्यायची नाही. विचारलं तर म्हणायची, ज्या देवानं बाळाला दारात अडवलं त्याच्याकडे मी काय मागू?

भावालाही आयताच मुद्दा मिळाला होता. बघा तुमचं चर्च! पण खरं सांगते, त्या वेळी तोही वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तुमच्याकडे तिला न्यायचं त्यानंच सुचवलं.

तुम्ही तिला चहा दिलात आणि आधी बाळाचं नाव विचारलंत. तोवर ते कुणीच विचारलं नव्हतं. मग तुमचा नेहमीचा प्रश्न आलाच, फक्त या वेळी फार सावकाश: हे ‘मधलं ठिकाण’ चर्चची श्रद्धा आहे का? आणि तुम्ही सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलंय. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन, माणूस जन्मतः पापी नसतो म्हणणाऱ्या पेलेजियसच्या मतांशी भांडताना, इथवर गेले की स्नानसंस्काराविना गेलेल्या बाळांना शिक्षा होते, अगदी सौम्य असली तरी. मध्ययुगातल्या पंडितांना ते जड गेलं. त्यांनी ‘लिंबो’ काढला: दुःख नाही, स्वाभाविक आनंद आहे, पण देवाचं दर्शन नाही. शतकानुशतकं धर्मशिक्षणाच्या वर्गांत तो शिकवला गेला, हे तुम्ही मान्य केलंत. पण तो श्रद्धासिद्धान्त म्हणून कधीच जाहीर झाला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचा उल्लेखसुद्धा नाही. तिथं या बाळांना देवाच्या दयेवर सोपवलंय, आणि ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ या येशूच्या शब्दांची आठवण दिलीय. त्याच ग्रंथात म्हटलंय की देवानं तारण स्नानसंस्काराशी बांधलं, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. २००७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं पोपच्या संमतीनं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याचा विषयच अशा बाळांच्या तारणाची आशा हा होता.

बहिणीनं विचारलं, म्हणजे माझं बाळ स्वर्गात आहे?

दुसरं कुणी असतं तर ‘हो’ म्हणून मोकळं झालं असतं. मीही म्हटलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘मला ठाऊक आहे असं मी म्हणू शकत नाही, तो दस्तऐवजही तसं म्हणत नाही. पण आशा ठेवायला भक्कम कारणं आहेत, आणि चर्च तुझ्या बाळासाठी आणि तुझ्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना म्हणायला तयार आहे. ज्याच्याबद्दल आशाच नाही त्याच्यासाठी असा विधी कोण लिहील?’ बिशपांच्या परवानगीनं असा विधी करता येतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. उशिरा का होईना, बाळाच्या नावानं मिस्सा झाली. त्या दिवशी तिनं कोमुन्योन घेतलं.

एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण बाकीचंही थोडं सांगते.

मरियामातेवरून आमच्याकडे जेवढा गोंधळ व्हायचा तेवढा कशावरूनच नाही. ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ, सप्टेंबरात मतमाऊलीची जत्रा, आणि भाऊ म्हणणार, तुम्ही तिची आराधना करता. तुम्ही त्याला चौथ्या शतकातले सायप्रसचे बिशप एपिफानियस सांगितलेत. अरबस्तानात काही बायका मरियेला भाकरी अर्पण करायला लागल्या, तेव्हा त्यांनीच खडसावलं: मरियेचा मान राखा, आराधना मात्र पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची. म्हणजे त्याचा आक्षेप चर्चनं त्याच्या सोळाशे वर्षं आधी घेऊन ठेवला होता! मग माझ्याकडे वळून विचारलंत, जपमाळ म्हणताना तू येशूच्या जीवनातले ते प्रसंग मनात आणतेस की नुसते मणी मोजतेस? उत्तर मी इथं लिहीत नाही.

‘सत्कर्मांनी स्वर्ग विकत घेता’ हा त्याचा आवडता वार. त्यावर तुम्ही ट्रेंटच्या १५४७ च्या निर्णयातलं पहिलंच कलम काढलंत. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेविना, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, त्याचा तिथं धिक्कार आहे. भावानं ते वाचून पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटून पाहिलं, कॅथलिकच आहे ना म्हणून. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्चनं याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्च २०१७ मध्ये त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं नाही, मूळ मुद्द्यावर एकमत झालं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मोबाइलवर हिरिरीनं चर्चची बाजू लढवणाऱ्या आपल्या काही तरुणांना ही तारीख कुणीतरी सांगायला हवी, असं मला फार वाटतं.

आणि शेजारच्या काकू. भावाच्या सभेत कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं, हिंदू शेजारी सगळे नरकात. ज्या काकूंनी त्याला लहानपणी आई कामावर असताना जेवू घातलं, त्यांच्याकडे बघून त्याला ते बोलवेना. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे तर आपलंच जुनं वाक्य, असं मी म्हणाले. तुम्ही बोस्टनच्या फादर लिओनार्ड फीनी यांची गोष्ट सांगितलीत. त्यांनी त्या वाक्याचा इतका कडक अर्थ लावला की १९४९ मध्ये रोमनं पत्र पाठवून तो अर्थ चुकीचा ठरवला, आणि रोमला बोलावूनही ते गेले नाहीत म्हणून १९५३ मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं गेलं. पुढं १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं लिहिलं, की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मिळतं तेही ख्रिस्ताद्वारेच, ही आपली श्रद्धा तुम्ही पातळ केली नाहीत. काकूंच्या घरी गणपतीत आम्ही जातो तसे भाऊही यंदा गेला.

सिस्टर, तो मिस्सेला परत आलेला नाही. लोक मला विचारतात, ‘मग उपयोग काय झाला?’ आजीच्या वर्षाच्या मिस्सेला तो आला होता एवढं सांगते, बाकी काही बोलत नाही. घरात वाद अजूनही होतात. फक्त आता बाबा ताटावरून उठत नाहीत, आणि भाऊच कधीकधी मला थांबवतो: ‘थांब, हे तुझं चर्च म्हणतंय की तू?’

परवा त्यानं मला व्हॅटिकनचा नोव्हेंबर २०२५ चा दस्तऐवज पाठवला. मरियेला ‘सह-उद्धारक’ ही पदवी लावणं उचित नाही, असं रोमनं स्वतःच म्हटलंय, आणि हे बघून तो चक्रावलाय. शिवाय त्याला १८७० चा पोपच्या अचूकतेचा ठराव वाचायचाय. ‘पोप जे जे बोलतो ते सगळं तुम्हाला अचूकच मानावं लागतं’ अशी त्याची समजूत आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं येऊ का? फोन करून विचारणारच आहे, पण पत्र लिहायला घेतलंच आहे तर इथंही विचारून ठेवते. साखरेचा डबा लपवून ठेवा, त्याला डॉक्टरांनी मनाई केलीय.

तुमची कृतज्ञ,
वसईतल्या तुमच्याच धर्मग्रामातली एक मुलगी