मुलाने चार दिवस का सांगितले नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलांच्या हातातला फोन काढून घ्या’ असा सूर आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस लागला आहे. मीही त्याच मताची होते. माझ्या बारा वर्षांच्या भाच्यामुळे ते बदलले.

तो मोबाइलवर गेम खेळतो. खेळता खेळता अनोळखी लोकांशी बोलायची सोय त्यात असतेच. तिथे एकाने त्याला आठवडाभर फुकटची नाणी दिली, हरला की समजूत घातली, ‘तुझ्यासारखा खेळणारा पाहिला नाही’ म्हणाला. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये’. मग कपड्यांशिवायचा फोटो मागितला. आणि तो मिळताच, ‘अजून पाठव, नाहीतर तुझ्या वर्गात सगळ्यांना दाखवतो’. पोराने चार दिवस तोंडातून चकार शब्द काढला नाही. का, तर ‘आई म्हणाली होती, काही वेडंवाकडं झालं तर फोन कायमचा बंद’. धमकी देणाऱ्याला आणखी काय हवे? मूल घरी बोलणार नाही, या भरवशावरच तर त्याचे सगळे चालते. तो भरवसा त्याला आम्हीच आयता दिला होता.

पुढचा घोळ आम्हा मोठ्यांचा. घाबरून आम्ही फोटो पुसला, मेसेज पुसले, ॲपही उडवले. पोलिसांसमोर बसलो तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हते. आधी धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि त्या माणसाचे यूजरनेम जपून ठेवायचे, मग रिपोर्ट, ब्लॉक सर्वांत शेवटी, हे तिथे कळले.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. अमेरिकेतल्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अठराच्या आतल्या मुलाचा असा फोटो असेल तर तो कुणाला पाठवावा लागत नाही, नावही सांगावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. त्याच्याशी जुळणारा फोटो सहभागी कंपन्या आपापल्या ॲपवर शोधून काढून टाकू शकतात. सगळ्याच कंपन्या त्यात नाहीत, पण नसण्यापेक्षा बरे. आमच्याकडे ठसा काढायला फोटोच उरला नव्हता.

आता वयाचे. त्या दुसऱ्या ॲपवरचे खाते त्याच्या आईनेच उघडून दिले होते, जन्मसाल दहा वर्षे मागे सरकवून. ‘तेराच्या आत उघडतच नाही, मग काय करणार?’ हा तेराचा आकडा आला अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नका, एवढेच तो कंपन्यांना सांगतो. तेराव्या वर्षी मूल शहाणे होते, असे त्यात कुठेही नाही. आमच्या खोट्या सालामुळे मात्र ॲपच्या लेखी भाचा बावीस वर्षांचा बाप्या झाला आणि लहान मुलांच्या खात्यांवर असणारी बंधने त्याला लागलीच नाहीत.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खाते ठेवायला मनाई केली आहे. दंड कंपन्यांना, मुलांना किंवा पालकांना नाही, हे मला पटले. पण ऑनलाइन गेम त्या बंदीतून वगळले आहेत, आणि आमच्याकडे सुरुवात झाली ती गेममध्येच.

आपल्याला एक विनंती. अशा घटनांच्या बातम्यांत मुलाने काय काय केले ते आपण सविस्तर छापता. त्याखाली चौकटीत चार ओळी द्याल का, पहिल्या तासात पालकांनी काय करायचे आणि काय पुसायचे नाही याच्या? आम्ही त्या रात्री तेच शोधत होतो.

आपली,
एक मावशी
(पोराची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये.)