‘सीरियस’ म्हणजे किती, ते रेफरच्या चिठ्ठीवर लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१५ ते २१ नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह. रुग्णालयांत फलक लागतात, स्तनपानावर व्याख्याने होतात, आणि ती व्हायलाच हवीत. मला या निमित्ताने एका चिठ्ठीबद्दल लिहायचे आहे. लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात बाळ हलवताना जी रेफरची चिठ्ठी सोबत देतात, तिच्याबद्दल.

मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली १९ वर्षे पुण्यातच नवजात अतिदक्षता कक्षात. त्या काळात अशा शेकडो चिठ्ठ्या हातात आल्या. पण त्यांतल्या अपुरेपणाची धग मला निवृत्तीनंतर लागली, घरचेच बाळ होते तेव्हा.

गेल्या पावसाळ्यात माझी भाची ३२व्या आठवड्यात बाळंत झाली. बाळ दीड किलोचे. जिल्ह्यातल्याच एका खासगी रुग्णालयात पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी सकाळी नळीने दिलेले दूध पचेना, दुपारी पोट फुगले, संध्याकाळपासून श्वास मध्येच थांबू लागला. रात्री रुग्णवाहिकेतून पुण्याला आणले. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच होते: मुदतपूर्व बाळ, सेप्सिस, सीरियस, पुढील उपचारांसाठी. (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीरातले अवयव बिघडू लागणे.) अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला, त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू शोधण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतले का, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी; संसर्ग बळावला की त्या घटतात) किती होत्या, निघताना बाळाचे तापमान काय होते, यातले एक अक्षर नाही. इथल्या डॉक्टरांनी रात्री दीड वाजता फोन लावले, तर तिकडची ड्युटी बदललेली. पहाटे कळले की सकाळी प्लेटलेट १ लाख १० हजार होत्या. इथे मोजल्या त्या ४२ हजार. एका दिवसातली ही घसरण दारातच कळली असती, तर बाळ कोणत्या वाटेला लागले आहे ते कोणालाही दिसले असते.

मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, तो बोलून दाखवतो. नवजात बाळ पुष्कळदा उलट गार पडते. रडणे बारीक होते, हालचाल मंदावते, पाय थंड लागतात, छातीवर बोटाने दाबून सोडले तर फिकटपणा जायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. सीआरपी, म्हणजे रक्तात संसर्गाची खूण दाखवणारा घटक, वाढायला अर्धा-एक दिवस जातो, कल्चरचा रिपोर्ट यायला दीड-दोन दिवस. तेवढा वेळ बाळाकडे नसतो. आम्ही सिस्टर लोक हँडओव्हर देताना ‘बाळ आज बरं दिसत नाही’ असे म्हणायचो. ते बहुतेक वेळा खरे निघायचे, पण केसपेपरवर कुठेच उतरायचे नाही.

शास्त्रालाही हे सोपे गेलेले नाही. मोठ्यांच्या सेप्सिसची व्याख्या २०१६ साली अवयव किती निकामी होताहेत यावर बेतली गेली. मुलांसाठी तसे निकष जानेवारी २०२४ मध्ये आले, पण मुदतपूर्व बाळे आणि जन्मापासून रुग्णालयातच असलेली नवजात बाळे त्यातून वगळली आहेत. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका, तीच बाहेर राहिली.

तरीही मोजण्याची साधने आहेत. पुण्यातल्या त्या कक्षात एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. भाचीचा नवरा कॉरिडॉरमध्ये मला सारखा विचारत होता, ‘मावशी, सीरियस म्हणजे नक्की किती?’ त्या बाईंनी त्याला समोर बसवले आणि कागदावर एनसोफा हा गुणांक मांडून दाखवला. यात श्वासाला ० ते ८, हृदय व रक्तदाबाला ० ते ४ आणि प्लेटलेटना ० ते ३ असे एकूण १५ गुण असतात. जितके जास्त तितके बाळ गंभीर. आमचे बाळ व्हेंटिलेटरवर, यंत्रातून ६० टक्के ऑक्सिजन, रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, ९२ टक्के. ९२ ला ०.६० ने भागले की १५३. ते २०० च्या खाली, म्हणून श्वासाचे ४ गुण. रक्तदाबासाठी एक औषध चालू, त्याचे २. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली, त्याचे ३. एकूण ९. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आला आणि बेरीज ७ झाली. चौथ्या दिवशी ती १ होती. भाचीच्या नवऱ्याचे शिक्षण बारावीपर्यंतचे, पण रोज सकाळी तो ‘आज किती?’ एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्याला कळायचे. आकडा वाढला असता तरी कळला असता, आणि ते कळणे हा त्याचा हक्कच होता.

या आकड्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका बाळाचे भविष्य तो सांगत नाही, आणि त्यावरून कोणाचे उपचार थांबवू नयेत. एकदा काढलेल्या आकड्यापेक्षा तो कुठे चालला आहे हे महत्त्वाचे. दुसरे असे की हा गुणांक उपचारांवरून मोजला जातो. व्हेंटिलेटर नाही म्हणून सी-पॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) धापा टाकणाऱ्या बाळाला श्वासाचा एकही गुण मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी बाळाचा गुणांक शून्य दिसेल आणि बाळ हातचे जात असेल.

तिथे लक्षणांवर बेतलेली मोजणी जास्त कामाची. २०१८ ते २०२० या काळात भारतासह ११ देशांतल्या १९ रुग्णालयांत ३,२०४ बाळांचा अभ्यास झाला आणि त्यातून निओसेप नावाचा गुणांक तयार झाला. जन्माचे वजन, किती आठवड्यांचे बाळ, श्वासाला कोणता आधार, तापमान, पोटाची फुगी, दूध घेणे, हालचाल, शॉकची (रक्ताभिसरण कोसळल्याची) चिन्हे असे त्याचे घटक आहेत. यातले बहुतेक डोळ्यांनी, हातांनी आणि थर्मामीटरने समजते.

आणि हे आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदीच्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, बाळ गार लागणे अशी ठरावीक लक्षणे त्या बायकांनी खेड्यातल्या घरात ओळखली, लिहून ठेवली आणि त्यावरून उपचार सुरू केले. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाच-दहा इयत्ता शिकलेली बाई जे कंदिलाच्या उजेडात लिहू शकली, ते जनरेटर असलेल्या रुग्णालयाला का लिहिता येऊ नये? हे विचारताना मला राग येतो, तो लपवत नाही.

दिल्लीच्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान १३ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले, त्यातली जवळपास निम्मी बाळे दगावली. जंतूंपैकी बरेचसे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे होते. अशा वेळी कोणते अँटिबायोटिक किती वाजता दिले, हे पुढच्या डॉक्टरला माहीत नसणे परवडत नाही.

माझी मागणी महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी बालरोगतज्ज्ञ या सर्वांकडे आहे. पुणे जिल्ह्यात हलवल्या जाणाऱ्या प्रत्येक नवजात बाळासोबत एकाच नमुन्याचा, एक पानी तक्ता असावा. त्यावर शेवटच्या तीन वेळांची तापमान, श्वास, सॅच्युरेशन आणि ऑक्सिजनचे प्रमाण, पायांचा गारवा, पोट, दूध व हालचाल यांची नोंद हवी. प्लेटलेटचे आकडे तारीख-वेळेसह, कल्चर घेतल्याची आणि पहिल्या डोसची वेळ हवी, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. १०८ च्या रुग्णवाहिकेत बाळ चढवताना तो तक्ता भरलेला आहे ना, हे पाहिले जावे. बाळाचे तापमान निघताना आणि पोहोचल्यावर, दोन्ही वेळा त्याच कागदावर यावे. तक्ता भरायला सिस्टरला दहा मिनिटे लागतात. मी स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे.

भाचीचे बाळ २३व्या दिवशी घरी आले. आता ते पालथे पडते.

या तक्त्याचा मराठी नमुना मी तयार केला आहे. त्याची एक प्रत या पत्रासोबत जोडते आहे. एखाद्या रुग्णालयाने मागितली तर आपल्या कार्यालयातून जरूर द्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे
(कृपया नाव छापू नये.)