अंगठा नव्हे, बूट

महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पाचव्या पानावर, सोन्याच्या जाहिरातीच्या खाली, आमच्या सरांची निधनवार्ता वाचली. अकरा ओळी आहेत, मोजल्या. नाव बरोबर छापलेत त्याबद्दल आभार. बाकीच्याबद्दल मात्र दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सर क्रीडाशिक्षक नव्हते. ते भूगोल शिकवायचे. शाळेला फुटबॉलचा कोच परवडत नव्हता आणि त्यांना संध्याकाळी घरी जायची घाई नव्हती, म्हणून संघ त्यांच्या गळ्यात पडला, तो पुढे पंचवीस वर्षे गळ्यातच राहिला. ‘कडक शिस्तीचे’ हे कोणी सांगितले तुम्हाला? सरावाला सर्वांत उशिरा तेच यायचे, वह्या तपासायच्या राहिलेल्या असत. आणि ‘अनेक नामवंत खेळाडू घडवले’! एक तरी नाव छापायचे होते. आमच्यातला कोणी बेस्टमध्ये चिकटला, कोणी पोलिसांत, मी पोस्टात. नामवंत एकही नाही. त्यांना त्याचे काही वाटल्याचे आम्हाला कधी दिसले नाही. तुम्हालाच ते लपवावेसे का वाटले?

पण खरा राग मथळ्याचा आहे. ‘मैदानावरचे द्रोणाचार्य हरपले.’ हा मथळा तुमच्याकडे तयार करूनच ठेवलेला असतो का? द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला होता. आमच्या सरांनी माझे बूट मागितले. एकलव्याने अंगठा मुकाट दिला म्हणतात, मी बूट रडत दिले.

१९८२ चा जुलै. मुंबईत शाळांचा फुटबॉल पावसाळ्यातच उरकतात, कारण एरवी मैदान क्रिकेटचे. आझाद मैदानात घोट्याएवढा चिखल. शाळेकडे स्टडचे, म्हणजे तळाला गुट्ट्या असलेले बूट सहा जोड, सातवा माझा स्वतःचा. मामाने गिरणी संपाच्या आदल्या दिवाळीत चोर बाजारातून आणलेला, मला एक नंबर मोठा, पुढे कापूस कोंबून घालायचो. जानेवारीत गिरण्या बंद पडल्या, तेव्हा दुसरा जोड मिळण्याची गोष्टच नव्हती. सामन्याआधी सरांनी ते बूट माझ्याकडून घेतले आणि आमच्या फुलबॅकला, म्हणजे मागे गोल राखणाऱ्याला दिले. त्याला नेमके बसले, कापूससुद्धा लागला नाही. मी उजवा विंगर, पुढे कडेने खेळणारा, मला कॅनव्हासचे. का, तर म्हणे, “पुढचा घसरला तर चेंडू जातो. मागचा घसरला तर गोल जातो.”

मी तोंड पाडून उभा होतो. तेव्हा सरांनी त्यांचे नेहमीचे रहीमसाहेब काढले. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे फुटबॉल कोच, मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे फुटबॉलचा रोव्हर्स चषक नेला, तो आपल्या मुंबईच्या कूपरेज मैदानावरून. त्यातले शेवटचे दोन अंतिम सामने सरांनी शाळकरी वयात पाहिले होते. पुढे १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई खेळांत भारताचे कोच असलेल्या याच रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगला, म्हणजे मागे खेळणाऱ्या माणसाला, डोक्याला टाके पडलेले असताना पुढे खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि आपण २-१ ने सुवर्ण जिंकले. सर म्हणाले, “जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके होते. तुला नुसते बूट नाहीत.”

(कोच लोकांना देतात तो द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ ला. रहीमसाहेब १९६३ लाच गेले. हेही त्या मथळेकर्त्याला सांगा.)

उत्तरार्धात गोलसमोर मी एकटा होतो. गोलकीपरही चिखलात बसलेला. मी घसरलो. चेंडू तिथेच राहिला, मी पुढे गेलो. दहा मिनिटांनी आमच्या फुलबॅकने गोलरेषेवरून एक चेंडू काढला, माझ्या बुटांनी, पाय रोवून. कॅनव्हासवर त्याला ते जमले नसते हे मलाही कळत होते. सामना ०-० सुटला. मग पेनल्टी. पाचवी त्याने घेतली. माझे बूट पेनल्टी घ्यायला गेले, मी मधल्या रेषेवर उभा. चेंडू आडव्या दांड्यावरून पार व्हीटी स्टेशनच्या दिशेने गेला. सरांचा हिशेब चुकला की बरोबर होता, हे चाळीस वर्षांत माझे ठरत नाही.

चार दिवसांनी सरांनी बूट परत दिले. चिखल त्यांनी स्वतः धुतला होता, आणि ओल शोषून घ्यायला आत कागद कोंबले होते. तुमच्याच वर्तमानपत्राचे. त्या दिवशी तुमच्या अंकाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा काल झाला नाही, हे स्पष्ट लिहितो.

शिवाजी पार्कला क्रिकेटच्या आचरेकर सरांचे स्मारक झाले, आनंद आहे, मीही जाऊन पाहून आलो. आमच्या सरांचे स्मारक कोणी मागत नाही. पण काल क्रीडा पानावर इंग्लंडमधला कोणता खेळाडू कोणत्या क्लबात जाणार याला अर्धे पान होते, आणि तो अजून गेलेलाही नाही. ज्या मुलांना ते पान वाचायचे आहे ती तासाला पैसे मोजून टर्फवर खेळतात. माझा नातू सांगतो, तिथे चिखल नसतो.

‘भूगोलाचे शिक्षक’ एवढी दुरुस्ती तरी छापावी.

आणि हो, शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. आडवा शब्द क्रमांक चौदा कुठेच बसत नाही.

आपला,
एक माजी उजवा विंगर, लालबाग