बंदीचे दोन महिने आणि योसेफाचा पाचवा हिस्सा

माननीय संपादक,

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे आम्हा वसईच्या कोळणींना जन्मापासून ठाऊक. तरी दरवर्षी जूनमध्ये आमच्या पाचूबंदरात उसनवारी सुरू होतेच.

मीही त्यातलीच. थोरलीच्या लग्नात उमराच्या पाण्याला, म्हणजे लग्नाआधी पाणी आणायच्या विधीला, बँडबाजा, तीन दिवस जेवणावळी, सगळं हवं होतं मला. दोन लाख काढले, महिना तीन टक्क्यांनी. दर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज! दोन वर्षांत १,४४,००० फेडले आणि मुद्दल जागच्या जागी. शेवटी पाटल्या मोडल्या.

बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं येशूने सांगितलं. हे मी देवळात कितीदा ऐकलं होतं, पण लग्नाची यादी करताना आठवलं नाही. बायबलातल्या योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा राखला, म्हणून मिसर (इजिप्त) देश दुष्काळात तगला. आता बोंबील विकून आले की पाचशेतले शंभर मी आधी बाजूला काढते, पोस्टाच्या आवर्त ठेवीत भरते. देवळाचं दानही तेव्हाच वेगळं ठेवते, उरलं तर देऊ असं नाही. मग किराणा. हिशेबाची वही नवऱ्यासमोर उघडी असते.

आमच्या धर्मगुरूंना माझी कळकळीची विनंती आहे: लग्नापूर्वीच्या शिबिरात मुलामुलींना कर्ज आणि व्याजाचं गणितही शिकवा. धाकटीचं लग्न मी एका दिवसात, एकाच जेवणात करणार आहे.

– एक कोळीण, पाचूबंदर, वसई