हुप्प्याच्या अर्जावर माझी सही

अंबाजोगाई,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय सुनंदा,

दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, तेव्हा रागावली असशील तर ते रास्तच आहे. पण आजचे हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. माझा गुडघा तसाच आहे, आईची साखर आटोक्यात आहे.

एम.एस्सी.ला असताना आपण ज्या गावात वानरांच्या टोळीमागे हिंडायचो, त्या गावातून वानरे पकडून न्यावीत असा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत येणार आहे, आणि अर्जाला जोडायला त्यांना तज्ज्ञ म्हणून माझा अभिप्राय हवा आहे. परवा सरपंच घरी आले. त्यांनी मुळासकट उपटलेले हरभऱ्याचे डहाळे टेबलावर ठेवले. प्रत्येकाचे दोन-चार घाटे खाल्लेले, बाकीचे तसेच, मुळांना अजून ओली माती. म्हणाले, "मॅडम, वानरानं काय खाल्लं ते तुम्ही इतकी वर्षं लिहून घेता. आमचं काय गेलं ते कोण लिहिणार?" हे वाक्य तुझ्या ओळखीचे आहे. पीएच.डी. सोडून तू शेतावर परतलीस तेव्हा आखाड्यावर आपले भांडण झाले, ते याच प्रश्नावरून. दाजी मध्ये पडले नसते तर माझी दुर्बीण त्या दिवशी विहिरीतच गेली असती!

सगळ्यांचा रोख हुप्प्यावर, म्हणजे टोळीतल्या मोठ्या नरावर आहे. त्याला पिंजऱ्यात घालून नेले की टोळी पांगेल, असा गावाचा समज आहे. वस्तुतः टोळी माद्यांची असते. त्या जन्मतात तिथेच राहतात, नर येतात आणि जातात. जागा रिकामी झाली की बाहेर हिंडणाऱ्या नरांपैकी कुणीतरी ती बळकावतो, आणि मग अंगावर पिणाऱ्या पिल्लांची धडगत नसते. क्योटोहून आलेल्या वानर-अभ्यासक सुगियामांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडला हे पाहिले. पुढे सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूच्या वानरांवर काम करून त्याची संगती लावली, की पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते. म्हणजे हुप्प्या नेला तर पिल्ले मरतील, आणि हरभरा खाणाऱ्या माद्या तिथेच राहतील. शिवाय धरलेले जनावर सोडायचे कुठे? लातूर जिल्ह्यात तर एक टक्काही जंगल नाही. आपल्या गावातून उचलायचे आणि दुसऱ्याच्या शिवारात सोडायचे, याला मी उपाय म्हणणार नाही.

तरीही लोकांची भीती मी धुडकावून लावू शकत नाही. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत होती आणि शेवटी दोन वानरे पकडावी लागली, तेव्हापासून कुठल्याही गावात आधी तोच विषय निघतो. याच मराठवाड्यात धाराशिवजवळच्या उपळ्याच्या दप्तरात ३२ एकर जमीन वानरांच्या नावावर आहे, हे मात्र कुणाला आठवत नाही. आपल्या गावात शनिवारी मारुतीच्या पारावर गूळ आणि बिस्किटे ठेवणारेही हेच लोक आहेत. ज्याचे पोट पाला आंबवून पचवण्यासाठी घडले आहे, त्याला आपणच गोडाची चटक लावतो, त्याची भीड मोडतो, आणि मग ते घराच्या पत्र्यावर आले की पिंजरा मागवतो.

सही मी करणार नाही. तेवढे ठरले आहे. पण नुसता नकार घेऊन त्या सभेत उभे राहणे मला पटत नाही. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाची जी शिस्त घालून दिली, एक प्राणी निवडून ठरलेला वेळ फक्त त्याचीच नोंद करायची, ती आपण दोघींनी टोळीवर घोटून घेतली. तीच मला आता शेतावर लावायची आहे: एक वाफा, ठरलेली वेळ, टोळी कोणत्या बांधावरून आली, किती डहाळे उपटले, राखणीला कोण होते. असा पक्का आकडा हाती असेल तर पंचनाम्याला येणारा माणूस अंदाजाने काहीतरी लिहून जाऊ शकणार नाही, आणि घाटे भरण्याच्या दिवसांत सामाईक राखण कुठे लावायची तेही कळेल. दाजींच्या खताच्या हिशेबाच्या वहीत तू मागच्या पानांवर असेच काहीतरी टिपत असतेस, हे मला ठाऊक आहे. ती वही मला हवी आहे.

धाकटीची बारावी कशी चालली आहे? बोअरचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल ना? काकींना नमस्कार सांग.

२६ तारखेला ग्रामसभा सकाळी झेंडावंदनानंतर लगेच आहे. औशाहून पहिल्या एसटीने निघालीस तरी पोचशील. वही घेऊन ये आणि सभेत तूच बोल; तुझ्या शेतातही वानरे येतात, म्हणून तुझे ते ऐकतील.

तुझी,
मंगल