जवानाला पत्र पाठवताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीमेवर तणाव वाढला की आघाडीवरच्या जवानांच्या घरच्यांच्या मुलाखती वर्तमानपत्रांत येऊ लागतात. त्यामागची आपुलकी कळते. पण फोटोखाली पलटणीचे नाव आणि ‘सध्या अमुक ठिकाणी तैनात’ असे छापले, की लष्करी टपाल जे कटाक्षाने झाकून ठेवते तेच उघडे पडते. ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) हे गावाचे नाव नाही. ५६ चे टपाल दिल्लीहून पुढे जाते, ९९ चे कोलकात्याहून. पिन कोड ९ ने सुरू होतो आणि फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावरही नुसता क्रमांक असतो. म्हणून ठिकाण छापू नका, ही पहिली विनंती.

पाकिटावरही ठिकाण लिहू नये. आर्मी नंबर (जवानाचा स्वतःचा सेवा क्रमांक), हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, युनिट, पिन आणि द्वारा ५६ किंवा ९९ एपीओ, एवढेच. आर्मी नंबर हमखास राहून जातो. मराठ्यांच्या पलटणीत शिंदे, जाधव, पाटील किती असतात! नंबर नसेल तर पत्र या शिंद्यांकडून त्या शिंद्यांकडे फिरत बसते. खासगी कुरिअर तिथवर जात नाही. टपाल खात्यातूनच पाठवावे, दर देशांतर्गतच लागतो.

आघाडीवर मोबाइल बंद ठेवावे लागतात, तेव्हा कागदच उरतो. पण बर्फाने किंवा दरड कोसळून रस्ता बंद झाला की थैल्या साचतात आणि पत्रे मागेपुढे, उलटसुलट हातात पडतात. ‘आता बरं आहे’ हे आधी वाचायला मिळते आणि ‘आईला दवाखान्यात नेलं’ हे चार दिवसांनी. तो पोरगा ते चार दिवस कसे काढत असेल? प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तारीख आणि अनुक्रमांक घाला. आजारपणाची बातमी अर्धवट सोडू नका. डॉक्टर काय म्हणाले, सोबत कोण आहे, पैशांची सोय झाली का, तेही लिहा. खरोखर तातडीचे असेल तर पत्रावर विसंबू नये. तार २०१३ सालीच बंद झाली. युनिटशी किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलावे.

जेल पेन नको. घामाने किंवा बर्फाच्या पाण्याने शाई पसरते. साधे बॉलपेन टिकते. पत्र खिशात राहते, पुन्हा पुन्हा उघडले जाते आणि आधी घडीवर फाटते. म्हणून कागद जाड घ्यावा, सोबत एक छोटी प्लास्टिकची पिशवी द्यावी. फोटो कागदावर छापून पाठवावा. आणि मजकूर? ‘काळजी करू नकोस’ याने पान भरू नये. गाय व्याली, पाडी झाली, कपाळावर चांदणी आहे. बोअरला पाणी किती फुटांवर लागले. धाकटीचा पुढचा दात पडला आणि तिने तो कौलावर फेकला. संध्याकाळचा स्टँड-टू (हत्यारासह सज्ज उभे राहण्याची वेळ) संपला, बंकरमध्ये बुखारी (ऊब देणारी शेगडी) पेटली, की घर आठवते ते असे तुकड्यातुकड्यांनी. तेच त्याला हवे असते.

खाऊचे थोडे. ओल्या नारळाचे काही पाठवू नये, वाटेतच आंबते. लोणच्याची बाटली फुटली तर अख्ख्या थैलीतली पत्रे तेलकट होतात. दुसऱ्या कुणाच्या आईची अक्षरेही त्यात जातात. खमंग भाजलेल्या बेसनाचे लाडू टिकतात. थंडीत तूप गोठून ते दगडासारखे होतात, पण बुखारीजवळ ठेवले की मऊ पडतात. पत्र्याचा डबा, त्यावर शिवलेले कापड, कापडावर पत्ता आणि डब्याच्या आतही पत्त्याची एक चिठ्ठी. काडेपेटी, लायटर, पॉवर बँक घालू नये. टपाल विमानाने जाते, तिथे ते अडकते.

दुसरी विनंती एवढीच. तैनातीच्या बातम्या छापाल तेव्हा शेजारी पत्त्याचा नमुना चौकटीत द्यावा, आर्मी नंबरच्या जागी रिकाम्या रेघा सोडून. लोक तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवतील.

आपले,
लष्करी टपालाच्या कामातले काही निवृत्त सहकारी