हुशार वेगळा, शहाणा वेगळा

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर लेख आला, याचा आमच्या घरात सगळ्यांना फार आनंद झाला. पण १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या, फासे टाकून गोष्ट रंगवायच्या या खेळातल्या पात्रांच्या 'इंटेलिजन्स' आणि 'विझ्डम' या दोन्ही गुणांना लेखात 'बुद्धी' हा एकच शब्द घातला आहे. मी ३१ वर्षे मुद्रितशोधक होते. ही चूक मला सोडवत नाही, कारण तिच्यामुळे नियमच कळेनासा होतो.

माझा नातू आणि त्याचे मित्र दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून खेळतात. फासे दिवाणाखाली जाऊ नयेत म्हणून मी त्यांना परात दिली आहे. परवा नातवाच्या तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डने, म्हणजे मांत्रिकाने, एका दरोडेखोरावर जागच्या जागी खिळवून टाकणारा मंत्र टाकला. विझर्डचा इंटेलिजन्स १६, त्याचे मिळतात ३. मुळातले ८, प्रोफिशियन्सीचे, म्हणजे कसबाचे, २ आणि हे ३ मिळून १३; सुटायला दरोडेखोराला निदान एवढे पडायला हवेत. तो धडपडतो मात्र स्वतःच्या विझ्डमवर. त्याचा विझ्डम होता १०, म्हणजे फाशात वर घालायला काहीच नाही. वीस बाजूंचा फासा परातीत खणखणला आणि १२ वर थांबला. एकाने हुकला! विझर्डचा इंटेलिजन्स १४ असता तर त्याचे २ च मिळून १२ लाच दरोडेखोर निसटला असता! पोरांनी असा गलका केला की खालच्या काकू वर आल्या.

आता यात दोन्हीकडे 'बुद्धी' लिहून पाहा. कोण कशाच्या जोरावर झुंजतो, काही लागत नाही. शिवाय क्लेरिकचे, म्हणजे खेळातल्या पुजाऱ्याचे, मंत्र विझ्डमवरच चालतात. 'मुलगा हुशार आहे, पण शहाणा नाही' असे आपण घरोघरी म्हणतो. मग इंटेलिजन्सला 'बुद्धिमत्ता' आणि विझ्डमला 'शहाणपण' लिहायला काय हरकत आहे? (मला स्वतःला विझर्डसाठी 'मेधा' आवडतो. मेधा म्हणजे धारणाशक्ती, आणि त्याचे काम मंत्र धरून ठेवण्याचेच.)

दुसरे असे, की बुद्धी वाढली म्हणजे दिवसातून जास्त वेळा मंत्र टाकता येतात, असे लेखात म्हटले आहे. २००० सालच्या आवृत्तीत तसे जादा मंत्र मिळत. मुले खेळतात त्या २०१४ च्या आवृत्तीत नाही. तिथे बुद्धिमत्तेवर ठरते ते किती वेगवेगळे मंत्र तयार ठेवायचे ते : लेव्हलचे ३ आणि बुद्धिमत्तेचे ३, असे ६. टाकायचे किती वेळा, ते लेव्हलवर. तिसऱ्या लेव्हलला पहिल्या दर्जाचे चार, दुसऱ्या दर्जाचे दोन. बुद्धिमत्ता २० केली तरी त्यात एकाचीही भर पडत नाही.

मुलांनी आपल्या लेखाचे कात्रण नियमांच्या पुस्तकात जपून ठेवले आहे. येत्या रविवारी दुरुस्ती छापलीत, तर तीही कापून त्याच्या शेजारी चिकटवीन.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, कर्वेनगर, पुणे